टॅफ्ट, रॉबर्ट अल्फॉन्सो

टॅफ्ट, रॉबर्ट अल्फॉन्सो : (८ सप्टेंबर १८८९ – ३१ जुलै १९५३). अमेरिकेतील पुराणमतवादी रिपब्लिकन नेते व ओहायओचे सिनेटर (१९३९–५३). जन्म सिनसिनाटी येथे. वडील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट राष्ट्राध्यक्ष व नंतर सरन्यायाधीश होते. शिक्षण येल व हार्व्हर्ड येथे. वकिली व राज्य विधिमंडळातील कारकिर्दीनंतर १९३८ मध्ये ते सिनेटवर निवडून आले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या महामंदीवरील आर्थिक सुधारणांच्या कार्यक्रमाचे अभ्यासू टीकाकार ठरले.

त्यांचे नाव मुख्यतः कामगार संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या टॅफ्ट-हार्टली कायद्याशी (१९४७) जोडले जाते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने तो संमत केला. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध २५ मते पडली. केवळ कामगार संघटनेच्या सभासदांनाच कामावर घेण्याचे बंधन मालकावर घालणारे करार या कायद्याने बेकायदा ठरवले. कामावर लागल्यानंतर सभासद होण्याची अट मात्र चालू शकत होती. तिलाही मनाई करण्याची मुभा कलम १४ (ब) ने राज्यांना दिली, आणि पुढचा वाद प्रामुख्याने याच कलमाभोवती फिरला. राष्ट्रीय आणीबाणी ओढवेल असा संप न्यायालयाच्या आदेशाने ८० दिवस रोखण्याची तरतूदही त्यात होती. कामगार संघटनांनी त्याला ‘गुलामगिरीचा कायदा’ म्हटले. तथापि १९४६ मध्ये संपकरी रेल्वे कामगारांना सैन्यात भरती करण्याचा ट्रूमन यांचा प्रस्ताव सिनेटमध्ये रोखण्यात टॅफ्ट पुढे होते, हे टीकाकार सहसा विसरतात. सार्वजनिक घरबांधणीच्या १९४९ च्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला.

परराष्ट्र धोरणात त्यांना ‘अलिप्ततावादी’ म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरविण्याच्या उधार-पट्टा कायद्याला (१९४१) व नाटो या लष्करी युतीच्या कराराला (१९४९) त्यांनी विरोध केला, पण संयुक्त राष्ट्रांची सनद स्वीकारली. कोरियात सैन्य पाठविण्यापेक्षा काँग्रेसची संमती न घेण्यावर त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यामुळे कार्यकारी सत्तेवरील घटनात्मक मर्यादा हे त्यांच्या भूमिकेचे मूळ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोबर १९४६ मध्ये नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यांवर, कृत्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देणे अन्यायाचे आहे, अशी टीका त्यांनी केली. निवडणूक तोंडावर असताना असे बोलायला धैर्य लागते.

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना १९४०, १९४८ व १९५२ मध्ये हुकली. १९५२ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात टेक्सस, जॉर्जिया व लुइझियानातील प्रतिनिधींच्या वादाचा लाभ प्रतिस्पर्धी आयझनहौअर यांना झाला. जानेवारी १९५३ मध्ये ते सिनेटमधील बहुमत पक्षाचे नेते झाले. त्याच वर्षी कर्करोगाने न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.