फेअरवे ड्रायव्हर (डिस्क गोल्फ)

फेअरवे ड्रायव्हर : डिस्क गोल्फमध्ये (कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांच्या टोपलीत किंवा ठरलेल्या लक्ष्यावर पोहोचविण्याच्या खेळात) मध्यम ते लांब पल्ल्याच्या, पण दिशा राखून करायच्या फेकीसाठी वापरली जाणारी चकती. व्यास २१ सेंमी.पेक्षा किंचित अधिक, काठाची रुंदी सुमारे १.६ ते १.९ सेंमी., वजन बहुधा १५० ते १७५ ग्रॅम. उत्पादकांच्या वेगश्रेणीत ती साधारण ६ ते ९ या आकड्यांत बसते. तिच्याहून संथ चकत्यांना पटर व मिडरेंज, तर वेगवान चकत्यांना डिस्टन्स ड्रायव्हर म्हणतात. हे वर्गीकरण उत्पादकांचे आणि खेळाडूंचे आहे. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन (पीडीजीए) ही नियामक संस्था चकतीची मापे तपासून मान्यता देते. चकती कोणत्या वर्गात मोडते, हे ती ठरवीत नाही. त्यामुळे ९ वेगाची एकच चकती एका यादीत फेअरवे, तर दुसरीत डिस्टन्स ड्रायव्हर म्हणून आढळते. प्रस्तुत नोंदीत काठाची रुंदी हाच निकष धरला आहे. ती साध्या पट्टीने मोजता येते आणि चकतीचा वेग, हाताची पकड व फेक चुकल्यास होणारे नुकसान या तिन्ही गोष्टी तिच्याशीच बांधलेल्या आहेत.

उगम : डिस्क गोल्फचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. सर्वांत जुना दाखला कॅनडातील सस्कॅचवन प्रांतातील ब्लॅडवर्थ या खेड्याचा दिला जातो. तेथे १९२६ मध्ये रोनाल्ड गिब्सन व त्याचे शाळासोबती पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून गोल्फसारखा खेळ खेळत. मुले मोठी झाली आणि तो खेळ तेथेच थांबला. पुढील खेळाशी त्याचा धागा जोडता येत नाही, म्हणून त्याला पूर्वज मानण्यापेक्षा स्वतंत्र उपज मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात केव्हिन डॉनेली व जॉर्ज सॅपेनफील्ड यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, उद्यानांतील मुलांसाठी फ्रिस्बीचे असे खेळ बसविले. दोघांच्याही खेळांत हुला हूपच्या कड्या लक्ष्य म्हणून वापरल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९७० च्या सुमारास एक गट नियमित खेळू लागला होता. डॉनेली व सॅपेनफील्ड यांच्यात अग्रमान कोणाचा, यावर बरेच लिहिले गेले आहे. खेळाला स्थिर रूप मात्र एड हेड्रिक यांनी दिले, याबद्दल फारसे दुमत नाही. त्यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे पहिले कायमचे मैदान झाले, १९७६ मध्ये पीडीजीए स्थापन झाली आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले.

ड्रायव्हरचा उगम या वादापासून वेगळा काढून पाहावा लागतो. १९५५ च्या सुमारास फ्रेड मॉरिसन यांनी घडविलेल्या आणि १९५७ पासून व्हॅम-ओ कंपनीने विकलेल्या प्लास्टिक चकतीचा काठ बोथट व गोलसर होता. सुरुवातीचे डिस्क गोल्फ याच जातीच्या चकत्यांनी खेळले जाई. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेस यांनी काठाला उतार देऊन तो टोकाकडे निमुळता केला. ‘ईगल’ या नावाने इनोव्हा कंपनीने आणलेली ही चकती खास डिस्क गोल्फसाठी घडविलेल्या निमुळत्या काठाच्या चकत्यांची जननी समजली जाते. आजच्या मापाने ती मिडरेंजच्या जवळ जाईल.

फेअरवे ड्रायव्हर हा वर्ग आधी ठरवून निर्माण झाला, असे दिसत नाही. १९९० च्या दशकात जे ‘ड्रायव्हर’ होते त्यांचे काठ आजच्या फेअरवे ड्रायव्हरइतकेच रुंद होते, आणि त्या काळी त्याच लांब पल्ल्याच्या चकत्या होत्या. २००० नंतर २ सेंमी.हून रुंद काठाच्या चकत्या येत गेल्या, तशा जुन्या ड्रायव्हरांना खालची पायरी मिळाली. याचा चांगला पुरावा म्हणजे वाल्किरी ही चकती. स्वीडनच्या क्रिस्टियन सँडस्ट्रॉम यांनी २००२ मध्ये तिने २५० मी. फेक करून जागतिक विक्रम केला. आज तीच चकती वेग ९ ची म्हणून फेअरवे ड्रायव्हरांच्या वरच्या टोकाला मोजतात. (सध्याचा ३३८ मी.चा विक्रम डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांचा, २०१६ मधील. अशा फेकी मागून जोराचा वारा असताना मोकळ्या कोरड्या तळ्याच्या पात्रात केल्या जातात. त्यांवरून रोजच्या खेळासाठी चकती निवडू नये.)

उड्डाण : उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पुढील विवेचन या फेकीचे आहे. डावखुऱ्यांच्या बॅकहँडसाठी आणि उजव्या हाताच्या फोरहँडसाठी दिशा उलट समजाव्यात. चकतीवर हवेचे उत्थापक बल ज्या बिंदूत एकवटलेले मानता येते, त्याला दाबकेंद्र म्हणतात. हे केंद्र चकतीच्या मध्यावर स्थिर नसते. वेग जास्त व चकती हवेला जवळजवळ सपाट सामोरी असताना ते मध्याच्या मागे राहते आणि चकतीचे नाक (पुढची कड) खाली दाबले जाते. वेग ओसरून चकती खाली बसू लागली की हवा तिला अधिक कोनाने भिडते, दाबकेंद्र पुढे सरकते आणि नाक वर उचलले जाते. न फिरणारी चकती अशा वेळी कोलांटी खाईल. फिरणाऱ्या चकतीत मात्र घूर्णदर्शीय (फिरत्या भोवऱ्यात दिसणाऱ्या) परिणामामुळे बलाचा प्रतिसाद काटकोनात फिरून मिळतो. नाक खाली दाबणारे बल चकतीला उजवीकडे कलविते (याला ‘टर्न’ म्हणतात) आणि नाक वर उचलणारे बल डावीकडे (‘फेड’). मँचेस्टर येथील पॉट्स व क्राउदर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वातबोगद्यातील मोजमापांनी दाबकेंद्राच्या या प्रवासाचे चित्र बरेच स्पष्ट केले. ती मोजमापे फ्रिस्बीच्या जातीच्या चकतीची होती. गोल्फच्या धारदार चकत्यांना ती तत्त्वतः लागू पडतात, आकड्यांनिशी नव्हे.

काठ रुंद व निमुळता असला की हवेचा रोध कमी होतो. वस्तुमान कडेला गेल्याने फिरकीही जास्त वेळ टिकते. पण असा काठ अपेक्षित वळण तेव्हाच दाखवितो, जेव्हा चकती हातातून पुरेशा वेगाने सुटते. वेग अपुरा पडला तर टर्नचा टप्पा येतच नाही. चकती थेट फेडच्या टप्प्यात शिरते आणि डावीकडे वळून लवकर पडते. नवख्या खेळाडूची १२ वेगाची चकती बहुधा ७ वेगाच्या चकतीइतकीच दूर जाते आणि तिच्याहून जास्त डावीकडे पडते, ती यामुळेच. त्यात सुटताना नाक थोडे वर राहिले, तर नुकसान दुप्पट होते. ही चूक वेगवान चकतीत अधिक महाग पडते. फेअरवे ड्रायव्हरची खरी थोरवी येथे आहे : माणसाच्या हाताला झेपेल इतक्या वेगात तिचे चारही गुण दिसतात.

हे चार गुण म्हणजे वेग, तरंग (हवेत तरंगत राहण्याची क्षमता), टर्न व फेड. चकतीवर ते याच क्रमाने आकड्यांत छापतात. उदा., टीबर्ड ७, ५, ०, २. लेपर्ड ६, ५, −२, १. फायरबर्ड ९, ३, ०, ४. रोडरनर ९, ५, −४, १. टर्नचा आकडा जितका ऋण, तितकी चकती सुरुवातीला उजवीकडे कलते. फेडचा जितका मोठा, तितकी शेवटी डावीकडे जाते. हे आकडे मोजून काढलेले नसून प्रत्येक उत्पादकाने आपल्या अनुभवाने दिलेले असतात, म्हणून दोन कंपन्यांचे ७ सारखे असतीलच असे नाही. प्लास्टिकनेही फरक पडतो. स्वस्त मूळ प्लास्टिकची चकती हाताला चांगली चिकटते, पण आदळून लवकर झिजते आणि झिजेल तशी उजवीकडे कलू लागते. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची महाग चकती आपला स्वभाव वर्षानुवर्षे टिकवून धरते.

वजनाची वरची मर्यादा व्यासावरून ठरते. दर सेंमी. व्यासाला ८.३ ग्रॅम असा नियम असल्याने २१.१ सेंमी.च्या चकतीला सुमारे १७५ ग्रॅमपर्यंत मुभा मिळते. अल्टिमेट या चकतीच्या सांघिक खेळातील चकतीचे वजनही १७५ ग्रॅमच, पण ती २७ सेंमी. रुंद असते; अल्टिमेट खेळलेल्याला फेअरवे ड्रायव्हर हातात जड व आखूड लागते, ती म्हणून. मुलांनी व हाताचा वेग कमी असणाऱ्यांनी १५० ते १६५ ग्रॅमपासून सुरुवात करावी.

पकड : बॅकहँडसाठी चारही बोटांची पेरे काठाच्या आतल्या भिंतीवर टेकवून अंगठा वर, काठ आणि घुमट जेथे मिळतात तेथे ठेवतात. १.७ सेंमी.चा काठ मध्यम हाताच्या बोटांत पुरता मावतो. २.३ सेंमी.चा काठ धरताना लहान हाताची बोटे आतल्या भिंतीपर्यंत धड पोहोचत नाहीत आणि चकती सुटण्याआधीच घसरते.

विदर्भातील परिस्थिती : वऱ्हाडात आणि पूर्व विदर्भात खेळायला मोकळी जागा मिळते ती बहुधा गायरानावर, पडीत वावरात किंवा पांदणीत. खरिपाचे पीक उभे असेतो वावरात पाय ठेवता येत नाही. पऱ्हाटी उपटून आणि तूर कापून झाल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत, जमीन मोकळी असते. खेळाचा हंगाम आणि उन्हाळा असे एकत्र येतात, आणि त्याचा चकतीवर मोजता येईल इतका परिणाम होतो. हवेचे तापमान १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले की, दाब तोच धरल्यास, तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. विरळ हवेत उत्थापन कमी होते, टर्नही कमी होतो, चकती अधिक डावीकडे जाते. हिवाळ्यात सरळ जाणारी टीबर्ड मे महिन्यातल्या दुपारी हट्टी वाटते, तेव्हा फेकीत दोष शोधण्याआधी लेपर्डसारखी कलती चकती घेऊन पाहावे. चिखलदऱ्याच्या सुमारे १,१०० मी. उंचीवरही हाच अनुभव सौम्य प्रमाणात येतो.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. समोरून वारा आला की चकतीला हवा अधिक वेगाने भिडते आणि ती उजवीकडे कलते. मागून आला की टर्न कमी होऊन ती लवकर बसते. एप्रिल-मेच्या दुपारी गायरानावर झळा सुटतात, तेव्हा समोरच्या वाऱ्यात फायरबर्डच्या जातीची चकती हवी. रोडरनर अशा वाऱ्यात उलटून जमिनीवर चाकासारखी धावत जाते. सकाळी, वारा पडलेला असताना खेळणे सर्व दृष्टींनी बरे, माणसाच्या प्रकृतीच्याही.

पांदण हा तर तयार फेअरवे (फेकीच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचा मोकळा पट्टा) आहे. दोन्ही धुऱ्यांवर बाभूळ, हिवर, बोरी. मधे बैलगाडीपुरती वाट. वर फांद्यांची कमान. येथे उंच फेक चालत नाही. छातीच्या उंचीवरून, सपाट, अर्ध्या-पाऊण ताकदीने सोडलेली ६ किंवा ७ वेगाची चकती वाट धरून जाते. १२ वेगाची चकती शेवटच्या फेडमध्ये काट्यांत शिरते आणि ती काढताना हात सोलून निघतात. पांदणीत चाकोऱ्यांमुळे धावून फेकायला सपाट जागा नसते, म्हणून उभ्यानेच फेकावे लागते. उभ्या फेकीत वेग घटतो, आणि हेही फेअरवे ड्रायव्हर घेण्याचेच कारण आहे.

काळ्या जमिनीचे दोन स्वभाव लक्षात ठेवावे लागतात. पावसाळ्यात चिखल काठाच्या आतल्या भिंतीशी दाटून बसतो. बोटे घसरतात, वजनही वाढते. दर फेकीआधी फडक्याने आतला कोपरा पुसावा. उन्हाळ्यात ढेकळे दगडासारखी होतात आणि भेगा रुंदावतात. कडेवर उतरलेली चकती भेगेत अर्धी रुतून बसते व दुरून दिसत नाही. तुरीची तिरपी कापलेली धसकटे याहून वाईट. त्यांवर आदळलेल्या चकतीच्या काठावरून नख फिरविले की ओरखड्याची उचललेली किनार लागते, आणि तीच पुढच्या फेकीत बोट कापते. अशी किनार बारीक पॉलिशपेपरने घासून काढण्यास नियमांची आडकाठी नाही. उड्डाण बदलेल इतके घासणे मात्र निषिद्ध आहे.

रंगाची निवड येथे चैनीची बाब नाही. पांढरी चकती वेचणी उरलेल्या कपाशीजवळ सापडत नाही, तपकिरी व पिवळी वाळल्या गवतात हरवते. केशरी रंग एरवी उत्तम. पण फाल्गुनात पळस फुलतो, झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि केशरी चकती त्यात शोधत बसावे लागते. निळा किंवा गडद गुलाबी रंग बाराही महिने चालतो. चकत्या टिनाच्या छपरावर किंवा बंद गाडीत ठेवू नयेत. मऊ होऊन त्या वाकतात. कोमट पाण्यात बुडवून सपाट फरशीवर ठेवल्यास बऱ्याच अंशी सरळ होतात.

साखळ्यांची टोपली नसली तरी खेळ अडत नाही. आरंभीच्या मैदानांवर झाडे व खांब हीच लक्ष्ये होती. बाभळीच्या खोडाला कमरेच्या उंचीवर तागाचे पोते बांधले तरी पुरते. ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर किंवा गायरानावर काही रोवायचे तर ग्रामपंचायत व महसूल खात्याला विचारावे लागते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाची जमीन कायद्याने वनजमीन मानली जाते, तेथे खड्डाही खणू नये. गायरानावर पहिला हक्क गुरांचा आणि गुराख्याचा. निमुळत्या काठाची १७० ग्रॅमची चकती गुराच्या डोळ्याला किंवा माणसाच्या कपाळाला गंभीर इजा करू शकते, म्हणून वाट पूर्ण मोकळी होईपर्यंत फेक करू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागांत मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या व बोड्यांच्या (लहान तळ्यांच्या) काठी खेळताना पाणी डाव्या हाताला येईल अशी फेक उजव्या हाताच्या बॅकहँडने टाळावी. फेड चकतीला पाण्याकडेच ओढतो, आणि बहुतेक ड्रायव्हर पाण्यात बुडतात.