इंग्रजीतला 'च' आवाजात असतो

काही वर्षांपूर्वी परदेशातील एका ग्राहकाशी फोनवर बैठक चालू असताना माल किती दिवसांत पोहोचेल असे त्याने विचारले, मी 'थर्टीन' असे एका शब्दात उत्तर दिले आणि संध्याकाळी आलेल्या इतिवृत्तात मुदत ३० दिवसांची नोंदलेली होती. व्याकरण चुकले नव्हते, शब्द चुकला नव्हता, लाइनवर खरखरही नव्हती. मी फक्त 'थर' जोरात म्हटला होता आणि 'टीन' हळूच सोडून दिला होता. हा शब्द सुटा उच्चारला तर त्याचा जोर 'टीन'वर पडतो, 'थर्टी'चा मात्र 'थर'वर, आणि इंग्रजी कान या दोन शब्दांतला फरक बराचसा त्या जोरावरूनच ओळखतो.

या चुकीत आणखी एक बारीक गोष्ट दडलेली होती. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ११ भाषांतील व्यंजनांची मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्या भाषांत आपली मराठीही होती. ओठ किंवा जीभ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो, एवढेच त्यांनी मोजले. शब्दारंभी येणाऱ्या इंग्रजी 'पी', 'टी', 'के' या ध्वनींमध्ये हा काळ साधारण ६० ते ८० मिलिसेकंद भरतो, तर मराठीतील अल्पप्राण 'प', 'ट', 'क' यांच्यात तो फार तर वीस-पंचवीस मिलिसेकंद असतो. गंमत अशी की इंग्रजांचा शब्दारंभीचा 'ब' किंवा 'ड' पुष्कळदा याच पट्ट्यात येतो, त्यामुळे आपण 'पेन' म्हटले तरी त्यांना 'बेन'चा भास होऊ शकतो. वास्तविक महाप्राण, म्हणजे 'ह'चा श्वास मिसळलेली व्यंजने आपल्या घरचीच आहेत. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'टाळ' म्हणावे, पट्टी जवळजवळ हलत नाही. 'ठसा' म्हणावे, ती फडफडते. इंग्रजी 'टाइम' हा त्या दुसऱ्या जातीचा आहे, पण देवनागरीत आपण तो 'ट'ने लिहितो आणि लिहिला तसाच उच्चारतो. हा हकार जोराच्या अक्षराच्या आरंभीच ठळक असतो, म्हणून 'थर्टीन'मधल्या 'टीन'ला तो हवा. 'स्टॉक' किंवा 'स्पीड' यांत 'स'नंतर तो नसतो आणि तिथे आपला उच्चार आहे तसाच चालतो.

एकेका व्यंजनापेक्षा मोठा प्रश्न वाक्याचा आहे. 'मी काल रिपोर्ट पाठवला' या वाक्यात 'मीच', 'कालच' किंवा 'रिपोर्टच' असा एक 'च' सरकवला की मराठीत ठसा बदलतो आणि आवाज सपाट ठेवला तरी अर्थ पोहोचतो. इंग्रजीजवळ असा हुकमी प्रत्यय नाही. 'आय सेंट द रिपोर्ट येस्टरडे' हे शब्द तसेच ठेवून वक्ता 'आय' लांबवतो, त्यावर सूर चढवतो आणि बाकीचे शब्द खाली सोडतो, म्हणजे 'मीच' झाले. तेच 'येस्टरडे'वर केले की 'कालच' होते. आपल्याला 'च'ची सवय असल्यामुळे आपण त्यालाही शब्द शोधतो आणि 'येस्टरडे ओन्ली', 'टुडे इटसेल्फ' असे बोलून जातो. भारतीय सहकाऱ्याला ते बिनचूक कळते. लंडनच्या माणसाला 'ओन्ली'चा अर्थ 'केवळ' असा लागतो आणि केवळ कालच का, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

दुसरीकडे, मराठीत बहुतेक प्रत्येक अक्षराला आपापला वेळ मिळतो, तर इंग्रजीत 'टू', 'फॉर', 'अँड' यांसारखे शब्द आक्रसून जातात आणि 'कम्फर्टेबल'ची चार अक्षरे बोलताना तीनच उरतात. अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये प्रयोगातून दाखवले की इंग्रजी श्रोता जोरकस अक्षर ऐकले की तिथून नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो. सगळी अक्षरे सारखी ठोकली, किंवा 'डेव्हलप'मधला जोर 'व्हे'ऐवजी 'डे'वर दिला, तर त्याला शब्दाची सुरुवातच चुकीच्या जागी सापडते. आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही ब्रिटिश श्रोत्यांना न समजण्याच्या कारणांत चुकलेला जोर ठळकपणे पुढे आला होता.

म्हणून परदेशी धाटणी (अ‍ॅक्सेंट) कमावण्यासाठी महिनोन्‌महिने घालवणारे वर्ग मला फारसे पटत नाहीत. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी कॅनडात १९९५ मध्ये चिनी मातृभाषेच्या लोकांचे इंग्रजी श्रोत्यांना ऐकवून ते शब्दशः लिहून घेतले. ज्यांची धाटणी श्रोत्यांना फारच परकी वाटली, त्यांचीही कित्येक वाक्ये अचूक उतरली होती. धाटणी आणि सुबोधता या अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो, त्यात 'एस' आणि 'एफ' यांना वेगळे करणारी सळसळ बरीचशी गळून पडते, पण सुराचा चढउतार आणि अक्षरांची लांबी शाबूत राहते. जे तारेतून पलीकडे पोहोचते त्यावर आधी मेहनत घ्यावी, हे साधे व्यावहारिक गणित आहे.

सुरुवात जिभेपासून न करता कानापासून करावी. बहुतेक जपानी लोकांना इंग्रजी 'आर' आणि 'एल' यांतला फरक सहज ऐकू येत नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ मध्ये त्यांना अनेक वेगवेगळ्या वक्त्यांच्या आवाजांत शब्दांच्या जोड्या ऐकवून, प्रत्येक वेळी बरोबर-चूक सांगत, तो फरक शिकवला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की उच्चाराचा काहीही सराव न देता त्यांचा उच्चारही सुधारला होता. अनेक आवाज ही यातली कळीची बाब आहे. एकाच निवेदकाचे पाठ ऐकले तर कान त्या निवेदकापुरताच तयार होतो.

बोलण्याच्या ओघासाठी ४-३-२ नावाचा एक जुना सराव आहे आणि तो मी अजूनही करतो. आपल्या कामाविषयीचे तेच बोलणे आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या माणसासमोर तीन मिनिटांत आणि तिसऱ्यासमोर दोन मिनिटांत सांगायचे. दुसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत, तिसऱ्या खेपेला वाक्ये जुळवण्याची ओढाताण संपते आणि जोर कुठे द्यायचा याकडे लक्ष द्यायला डोके मोकळे होते. ऐकायला माणसे नसतील तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते ऐकताना प्रत्येक वाक्यात आपला 'च' कोणत्या शब्दावर पडला, तेवढेच पेन्सिलीने टिपावे. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर एकही खूण झाली नव्हती. आकड्यांच्या बाबतीत मात्र मी अजूनही केवळ जोरावर विसंबत नाही. 'थर्टीन' म्हणून झाले की लगेच 'वन, थ्री' असे पुढे जोडतो, आणि पलीकडचा इंग्रजही 'वन, थ्री' असे म्हणून ते लिहून घेतो.