तारीख मिळणं वेगळं, संहिता कापणं वेगळं

क्लासच्या चाचणीत एका मुलीनं लिहिलं, ‘स्प्लायसिंगमुळे नको असलेलं जनुक बंद होतं.’ जनुक चालू-बंद करणं वेगळं आणि स्प्लायसिंग, म्हणजे जनुकाच्या प्रतीची कापाकापी, वेगळी; म्हणून मी अर्धा गुण कापला. नौपाड्यातल्या आमच्या क्लासच्या दारात चपला घालता घालता ती अडली, “पण सर, दोन्हीकडे शेवटी प्रोटीनच बदलतं ना?” प्रश्न रास्त होता.

ती कॉलेजच्या एकांकिकेत काम करते, म्हणून गडकरी रंगायतनच्या भाषेत सांगितलं. कुठल्या नाटकाला तारीख मिळणार, किती प्रयोग लागणार, हे ठरवणं म्हणजे जनुक-नियमन. माणसाच्या पेशीत प्रोटीन बनवणारी साधारण २०,००० जनुकं. सगळ्यांना एकदम रंगमंच मिळत नाही. भ्रूणीय मूलपेशीत, म्हणजे अजून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशीत, तारखांची वही मुख्यतः ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि नॅनॉग या तीन प्रोटीनांच्या हातात. ती डीएनएवर बसतात, मूलपेशीपण टिकवणारी जनुकं चालू ठेवतात, चेतापेशी किंवा स्नायू घडवणारी थोपवून धरतात. एकमेकांना तारखा देतात, स्वतःलाही घेतात! मोजमाप मात्र काटेकोर. उंदराच्या मूलपेशीत ऑक्ट-४ कमी पडलं की पेशी वार (प्लासेंटा) बनवणाऱ्या पेशींच्या वाटेला लागते. दुपटीच्या आतच वाढलं, तरी मूलपेशीपण सुटतं.

स्प्लायसिंग ही तारीख मिळाल्यानंतरची कापाकापी. जनुकाची आरएनए प्रत निघते, तिच्यातले मधले तुकडे (इंट्रॉन) काढून उरलेले (एक्झॉन) जोडले जातात. (प्रत निघत असतानाच कात्री चालू होते, पण तो बारकावा परीक्षेत कुणी विचारत नाही.) इंट्रॉन असे कापले जातात, हे १९७७ साली कळलं. कुठला एक्झॉन ठेवायचा नि कुठला गाळायचा, यात पेशीला निवड असते. दोन अंकी नाटकाची एकांकिका करताना प्रवेश उडवतात, तसंच. नाव तेच, प्रयोगही तेवढेच, पण प्रेक्षकासमोर येतं ते निराळं. म्हणून एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे एवढंच मोजलं, तर हा बदल निसटतो.

खरी गंमत दोन्ही एकमेकांत अडकतात तिथे आहे. फॉक्स-पी-१ हे स्वतःच तारखा देणारं प्रोटीन. मानवी मूलपेशीत त्याच्या आरएनएत ‘१८-बी’ हा एक्झॉन ठेवला जातो, तर चेतापेशी, स्नायू अशा पक्क्या झालेल्या पेशींत तो गाळलेला असतो. १८-बी ठेवल्यानं प्रोटीनचा डीएनएला धरणारा भागच बदलतो. मग मूलपेशीतलं हे फॉक्स-पी-१ ऑक्ट-४, नॅनॉग यांच्या जनुकांना उठवतं आणि वेगळं काही व्हायला लावणाऱ्या जनुकांना दाबतं. २०११ साली टोरांटोच्या संशोधकांनी हे दाखवलं. पक्क्या पेशींत १८-बी गाळायला लावतात ती एमबीएनएल नावाची प्रोटीनं. मूलपेशीत ती थोडीच असतात, कारण त्यांच्या जनुकांना तिथे तारखाच कमी. म्हणजे वहीवाला कात्रीवाल्याला आवरतो आणि कात्रीवाला वहीवाला घडवतो.

“मग माझं अगदीच चूक नाही,” ती म्हणाली. थोडं बरोबर होतंच. कधी कापणीच अशी होते की वाचताना मध्येच ‘थांबा’ची खूण येते आणि पेशी ती प्रतच नष्ट करते. प्रोटीन मिळत नाही. पण जनुक चालूच असतं, प्रती निघतच असतात. अर्धा गुण कापलेलाच राहिला.