पिको डब्ल्यू की झिरो टू डब्ल्यू?

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात ‘वायफायवाला रास्पबेरी पाय (छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणारा ब्रँड) द्या’ एवढंच म्हटलं, तर हातात दोनपैकी काहीही पडू शकतं: पिको डब्ल्यू नाहीतर झिरो टू डब्ल्यू. दोन्ही बोर्ड हिरवे, दोन्हींना चाळीस पिना, दोन्हींवर वायफाय आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. मिहानच्या आयटी कंपनीत दिवसभर वेबचा कोड लिहिणारा आधी रॅम बघतो. झिरोत 512 एमबी, पिकोत जेमतेम 264 केबी. मग काय, झिरोच घ्यायचा! गच्चीवरच्या टाकीची पातळी किंवा खोलीचं तापमान मोजायचं असेल, तर हा हिशेब चुकतो.

झिरो हा पुरता संगणक आहे. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तुमचा पायथन प्रोग्राम त्यातला एक भाडेकरू. पिकोवर लिनक्स नाहीच. मायक्रोपायथन (पायथनची छोट्या बोर्डांसाठीची आवृत्ती) टाकलं, ‘मेन डॉट पीवाय’ नावाची फाइल ठेवली, की वीज मिळताच तीच चालू होते. आजूबाजूला दुसरं कुणी नाही.

याचा फरक कुठे पडतो ते डीएचटी 22 या स्वस्त सेन्सरवर नीट दिसतं. तो तापमान आणि आर्द्रता एकाच तारेवरून 40 बिटांत पाठवतो. सिग्नल वरच्या पातळीवर 26 ते 28 मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) राहिला तर तो शून्य, 70 मायक्रोसेकंद राहिला तर एक. म्हणजे सगळा खेळ चाळीसेक मायक्रोसेकंदांच्या फरकाचा. नेमक्या त्या क्षणी लिनक्सने प्रोसेसर दुसऱ्या कामाला लावला, की बिट हुकतो आणि चेकसम, म्हणजे आकडे बरोबर आले का ते तपासणारी बेरीज, जुळत नाही. नवखा माणूस सोल्डरिंगला दोष देत बसतो. पिकोवर ही अडचण सहसा येत नाही.

मे महिन्यात कूलर, एसी सुरू असताना लाइट गेली तर? पिको वीज परत येताच कामाला लागतो. झिरोला बूट व्हायला वेळ लागतो, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसडी कार्डावरच्या फाइली खराब होण्याची भीती असतेच. शिवाय झिरोचा प्रोसेसर तापतो. सेन्सर त्याच डबीत ठेवला, तर तुम्ही नागपूरचा उन्हाळा नाही, डबीचा मोजताय.

बोर्ड कुठलाही असो, आलेला आकडा तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. सेन्सर बिघडला असावा, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. शहराचा मे 2013 चा उच्चांक 47.9 आहे. त्याच्या पार गेलेल्या आकड्यावर कोडमध्ये खूण करायला एक ओळ पुरते.

ओल मोजणाऱ्या अॅनालॉग (आकड्यांऐवजी कमी-जास्त होणारं व्होल्टेज देणाऱ्या) सेन्सरसाठी तर प्रश्नच नाही. पिकोवर तशा तीन पिना आहेत, झिरोवर एकही नाही, वेगळी चिप जोडावी लागते.

झिरो घ्यावा तो कॅमेऱ्यासाठी, किंवा घरातल्या चार-पाच पिकोंचे आकडे एमक्यूटीटी या छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीने गोळा करून साठवायला. तिथे त्याची रॅम आणि लिनक्स खरंच कामी येतात.

एका बाबतीत मात्र दोघे सारखेच नाजूक: पिना 3.3 व्होल्टच्या. टाकीसाठी एचसी-एसआर04 हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घेतलात, तर त्याची 5 व्होल्टची इको तार थेट लावू नका, मध्ये दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज उतरवून घ्या.