गरिबीचा तराजू: दादाभाईंच्या 20 रुपयांपासून 3 डॉलरपर्यंत

अमेरिकेच्या जनगणना विभागाने 2023 सालासाठी त्या देशातील गरिबीचे प्रमाण 11.1 टक्के असल्याचे जाहीर केले, तर भारताच्या नीती आयोगाने जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात 2022-23 साठी आपल्याकडील बहुआयामी गरिबी 11.28 टक्के असल्याचे म्हटले. हे दोन आकडे शेजारी मांडले तर दोन्ही देश गरिबीच्या बाबतीत एकाच पायरीवर आहेत असे दिसते, आणि ते खरे नाही हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. अमेरिकेत चार माणसांच्या कुटुंबाचे करपूर्व रोख उत्पन्न वर्षाला सुमारे 31 हजार डॉलरपेक्षा कमी असले की ते कुटुंब गरीब ठरते, आणि सरकारकडून मिळणारी अन्नाची मदत त्या उत्पन्नात धरली जात नाही. नीती आयोगाची मोजणी उत्पन्नाची चौकशीच करत नाही. घरात शौचालय आहे का, चूल कशावर पेटते, मुले शाळेत जातात का, बँकेत खाते आहे का, अशा 12 निकषांवर ती उभी आहे. दोन्हीकडे शब्द ‘गरिबी’ हाच आहे, पण मोजलेल्या वस्तू दोन आहेत.

हा घोळ आजचा नाही. दोन देशांची गरिबी एका तराजूत कशी घालायची, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा आरंभ मुंबईत झाला. सकाळी सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे चालत जाणारे हजारो चाकरमानी ज्यांच्या नावाच्या रस्त्याने जातात आणि ज्यांच्या पुतळ्यावरून रोज पुढे होतात, त्या दादाभाई नौरोजींनी 1876 मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. त्याआधी 1871 मध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री ग्रँट डफ यांनी इंग्लंडचे दरडोई उत्पन्न सुमारे 30 पाउंड आणि हिंदुस्थानचे सुमारे 2 पाउंड असल्याचे सांगितले होते. तो आकडा अंदाजाचा होता. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाईंनी त्याचा ताळा करायचे ठरवले.

त्यांची पद्धत आजही वाचण्यासारखी आहे. प्रत्येक प्रांतात कोणत्या पिकाखाली किती जमीन आहे, एकरी उतारा किती आणि बाजारभाव काय, हे सरकारी अहवालांतूनच घेऊन त्यांनी पिकांची किंमत काढली आणि तीत मीठ, खनिजे, कारागिरी वगैरेंची भर घातली. हे करताना सरकारी सरासऱ्यांतली एक ढोबळ चूक त्यांनी पकडली. जिल्हाजिल्ह्यांतले भाव एकाखाली एक लिहून बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, अशी कारकुनी रीत होती; ज्या जिल्ह्यात भरपूर पिकते आणि भाव पडलेला असतो, त्याला आणि जिथे जेमतेम पिकते आणि भाव चढलेला असतो, त्याला त्या सरासरीत सारखेच वजन मिळत असे. पिकाच्या प्रमाणात भावाला वजन दिले की चित्र पालटते, हे त्यांनी दाखवले. या साऱ्या आकडेमोडीतून 1867-70 या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न 20 रुपये, म्हणजे 40 शिलिंग किंवा 2 पाउंड, निघाले.

20 रुपये कमी की पुरेसे, हे लंडनच्या उत्पन्नाशी तुलना करून ठरत नाही, कारण तिकडे लोकरीचा कोट आणि कोळसा लागतो आणि इकडे धान्य स्वस्त, हा युक्तिवाद समोर उभाच होता. म्हणून दादाभाईंनी दुसरे माप शोधले. परमुलखात जाणाऱ्या मजुरांना जहाजावर द्यावयाचा म्हणून सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने जो शिधा ठरवला होता, त्याची किंमत त्यांनी इथल्या भावांनी काढली, तेव्हा निव्वळ जगण्याचा खर्च माणशी वर्षाला 34 रुपयांच्या आसपास गेला. तुरुंगांचे हिशेब तर सरकारचेच होते. मुंबई इलाख्यात दरडोई उत्पादन 22 रुपये, आणि त्याच इलाख्यातल्या एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला सुमारे 47 रुपये. सरकारने स्वतःच कैद्यासाठी जे किमान मानले, तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, असा तो पेच होता. पुढे 1882 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी 27 रुपये आणि 1901 मध्ये लॉर्ड कर्झनने 30 रुपये असे वरचे आकडे पुढे केले, पण वाद 20, 27 की 30 एवढाच राहिला. किमान किती लागते हा दादाभाईंचा प्रश्न त्यात बाजूलाच पडला.

पुढचा टप्पाही मुंबईचाच म्हणावा लागेल. 1944 मध्ये पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला आदी उद्योगपतींनी मांडलेल्या ‘बाँबे प्लॅन’मध्ये किमान जीवनमानाचा दरडोई वार्षिक खर्च 75 रुपयांच्या घरात धरला होता. स्वातंत्र्यानंतर 1962 च्या सरकारी कार्यगटाने 1960-61 च्या भावांनी माणशी महिना 20 रुपये ही दारिद्र्यरेषा आखली. मग 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला आणि माणशी रोज 2250 उष्मांकांचा निकष चर्चेत रुजला. 1979 च्या कार्यदलाने तो खेड्यात 2400 आणि शहरात 2100 असा वेगळा केला. एवढ्या लवकर आणि एवढ्या चिकाटीने दारिद्र्यरेषेवर भांडलेला गरीब देश दुसरा सापडणे कठीण, आणि त्याचा परिणाम देशाबाहेरही झाला.

जागतिक बँकेने 1990 च्या जागतिक विकास अहवालात देशोदेशींची गरिबी एकाच मापाने मोजायचे ठरवले, तेव्हा ते माप नव्याने शोधले नाही. भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, इजिप्त, केनिया, मोरोक्को, टांझानिया अशा देशांच्या स्वतःच्या रेषा 1985 च्या समान क्रयशक्तीच्या डॉलरमध्ये (म्हणजे प्रत्येक देशात सारखीच खरेदी करू शकेल अशा हिशेबाच्या डॉलरमध्ये) बदलून वर्षाला 275 ते 370 डॉलर असा पट्टा धरला गेला, आणि त्यातली 275 ची खालची कड भारतात वापरल्या जाणाऱ्या रेषेशी जुळत होती. ‘दिवसाला 1 डॉलर’ ही जगभर गाजलेली रेषा वरच्या कडेवरून आली. भारताची चीनशी किंवा ब्राझीलशी तुलना करणारा जागतिक आकडा आपल्यापर्यंत येतो, तेव्हा त्याच्या मुळाशी आपल्याच उष्मांकांच्या हिशेबाचा अंश असतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

समान क्रयशक्तीचा डॉलर म्हणजे बँकेत मिळणारा डॉलर नव्हे, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. लोकलच्या डब्यात बातमी वाचून कोणी जागतिक बँकेच्या आजच्या ‘दिवसाला 3 डॉलर’ या रेषेला बाजारातल्या दराने गुणतो आणि अडीचशेच्या वर रुपये आले की म्हणतो, एवढ्यात तर आपले भागते. पण 2021 च्या भावांनी समान क्रयशक्तीच्या 1 डॉलरसाठी सुमारे 20 रुपये पडतात, म्हणजे 3 डॉलर हे 60 रुपयांच्या आसपास, मुंबईतले तीन वडापाव. यासाठी तांदूळ, शर्ट, केस कापण्याची मजुरी अशा शेकडो वस्तू-सेवांचे भाव देशोदेशी गोळा केले जातात. हे काम 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी सुरू केले आणि त्यात क्राव्हिस, हेस्टन आणि समर्स ही नावे पुढे होती.

भाव गोळा करण्यातच किती जीव अडकलेला असतो, हे भारत-चीन तुलनेने दाखवून दिले. भाव गोळा करण्याच्या 2005 च्या फेरीत चीन प्रथमच सामील झाला आणि 1985 नंतर भारतही पुन्हा आला. डिसेंबर 2007 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी लहान ठरल्या. प्रत्यक्षात कोणाच्याही ताटातला घास कमी झाला नव्हता, पण जागतिक बँकेची रेषा 1.25 डॉलरवर आली आणि 2005 मधील जगातील गरिबांची संख्या 100 कोटींच्या आतून 140 कोटींवर गेली. चीनमधले भाव 11 शहरांतून घेतलेले असल्याने खेड्यांची महागाई वाजवीपेक्षा जास्त धरली गेली, असा आक्षेपही लगेच आला. चीनच्या स्वतःच्या रेषेचाही इतिहास असाच आहे: 1978 साली ग्रामीण चीनमध्ये गरीब किती होते, याचे उत्तर त्या वेळच्या मानकाने 25 कोटी आणि 2010 मध्ये ठरवलेल्या 2300 युआनच्या मानकाने 77 कोटी असे मिळते. साल एकच, माणसे तीच. त्यामुळे चीनने किती गरिबी हटवली आणि भारताने किती, असा वाद घालण्यापूर्वी कोणत्या मानकाने हे विचारून घेणे बरे.

दुसरी मेख चौकशीच्या कागदात असते. अनेक लॅटिन अमेरिकी देश उत्पन्न विचारतात, भारत खर्च विचारतो, आणि उत्पन्नावरून काढलेली गरिबी सहसा जास्त भरते. खर्च विचारण्याच्याही तऱ्हा आहेत. परळच्या चाळीत पाहणी करणारा माणूस एखाद्या गृहिणीला कोथिंबीर आणि मासळी गेल्या 7 दिवसांतली विचारतो, तांदूळ-गहू 30 दिवसांतले आणि साडी-चपला वर्षभरातल्या. मासळी महिन्याची विचारली असती तर निम्मी आठवली नसती. भारतातल्या घरगुती खर्चाच्या 2022-23 च्या पाहणीत 405 बाबी होत्या, एकाच घरी तीनदा जाऊन माहिती घेतली गेली आणि रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याची किंमत धरून वेगळे आकडेही दिले गेले. 2011-12 मध्ये हे तसे नव्हते. मधली 2017-18 ची पाहणी तर सरकारने प्रसिद्धच केली नाही. जून 2025 मध्ये जागतिक बँकेने रेषा 2.15 डॉलरवरून 3 डॉलर केली, तेव्हा या नव्या रेषेखालचे भारतीय 2011-12 मधील 27.1 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये 5.3 टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे याबद्दल शंका नाही, पण तिच्यातला काही वाटा बदललेल्या प्रश्नावलीचा आहे.

देशादेशांत जी अडचण, तीच राज्याच्या आत. दारिद्र्यरेषेसाठी सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी महाराष्ट्राच्या शहरी भागाची रेषा माणशी महिना 1126 रुपये होती, आणि ती मुंबईला जेवढी लागू होती तेवढीच परभणीलाही. धारावीतल्या खोलीचे भाडे आणि परभणीतल्या खोलीचे भाडे तिच्यात एकमेकांत विरघळून गेले होते. 2014 मध्ये त्याच कामासाठी नेमलेल्या रंगराजन गटाने देशाची शहरी रेषा 1407 आणि ग्रामीण रेषा 972 रुपये सुचवली, गरिबीचे प्रमाण तेंडुलकर पद्धतीच्या 21.9 ऐवजी 29.5 टक्के दाखवले, आणि सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. तेव्हापासून खर्चावर आधारलेली नवी अधिकृत रेषा आखली गेलेली नाही, त्यामुळे आज भारताची कोणत्याही देशाशी तुलना करायची झाली की बहुतेक वेळा 3 डॉलरचाच आधार घेतला जातो. आणि तो ज्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या रेषांवरून बेतला आहे, त्यांच्या यादीत भारत आता नाही.