घरपट्टीविरुद्धचा कौल : हॉवर्ड जार्व्हिस आणि 'प्रपोझिशन 13'

6 जून 1978 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टीवर थेट राज्यघटनेतच मर्यादा घातली. 'प्रपोझिशन 13' या प्रस्तावाला जवळपास 65 टक्के मते पडली. अमेरिकेत आजही कुणी 'कर उतरवा, सरकार आवरा' म्हणत सह्या गोळा करायला निघाला, की त्याच्यापुढे उदाहरण असते ते हा प्रस्ताव आणणाऱ्या हॉवर्ड जार्व्हिसचे.

जार्व्हिसने वापरलेले हत्यार मात्र जुने होते आणि वेगळ्याच लढ्यासाठी घडवलेले. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने विधिमंडळ मुठीत ठेवले होते. ती पकड सैल करण्यासाठी गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात, 1911 मध्ये, लोकांना आमदारांना वगळून कायदा करण्याचा अधिकार मिळाला. ठरलेल्या संख्येइतक्या सह्या जमवायच्या, की प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर.

संतापाचे मूळ मात्र एका चांगल्या सुधारणेत आहे, आणि या कथेतला हाच भाग सहसा सांगितला जात नाही. घरांची किंमत ठरवणारे करआकारणी अधिकारी तिथे निवडून येत. साहजिकच मतदारांची घरे ते कमी किमतीची धरत आणि दुकाने-कारखान्यांवर जास्त बोजा टाकत. 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत व्यावसायिकांकडून लाच घेऊन कर कमी केल्याचे प्रकरण उघडकीस आले. 1966 च्या कायद्याने सगळ्या मालमत्तांना बाजारभावाचे एकच प्रमाण लावले. लाचखोरीला आळा बसला, पण सामान्य घरमालकाची न बोलता मिळणारी सवलतही गेली. पुढच्या दशकात घरांचे भाव भडकले आणि घरपट्टी त्यांच्या मागे धावली. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या घराची किंमत कागदावर वाढली तरी हातात पैसा येत नव्हता. बिल मात्र येत होते. त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत सुमारे 5 अब्ज डॉलरची शिल्लक पडून होती आणि विधिमंडळाला दिलासा देणारा कायदा वेळेत जमला नाही. माझ्या मते 1978 चा निकाल इथेच लागला होता.

जार्व्हिसचा जन्म 1903 चा, युटामधला. वृत्तपत्रे आणि कारखाने चालवून निवृत्त झाल्यावर त्याने करकपातीचा ध्यास घेतला. आधीचे प्रयत्न सह्यांअभावी फसले. तो लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेसाठी काम करत असे, हेही लक्षात ठेवायला हवे. राज्याची राजधानी सॅक्रामेंटोकडचा करविरोधी कार्यकर्ता पॉल गॅन सोबत आला, तेव्हा सुमारे 5 लाखांची गरज असताना 12 लाखांहून अधिक सह्या जमल्या. गव्हर्नर जेरी ब्राउन, शिक्षक संघटना, कामगार संघटना, काही बड्या कंपन्या असे सगळे विरोधात होते.

प्रस्तावाने घरपट्टी मूल्याच्या 1 टक्क्यावर रोखली, मूल्य 1975 च्या पातळीवर मागे नेले आणि मालक बदलेपर्यंत ते वर्षाला 2 टक्क्यांहून अधिक वाढणार नाही असे ठरवले. राज्याचे कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश मते लागू लागली.

घरपट्टीचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. शहरे, काउंट्या (म्हणजे जिल्हे) आणि शाळा यांना राज्याने आपल्या शिलकीतून सावरले. पण पैसा जिथून येतो तिथेच निर्णयही जातात. सरकार लहान करायला निघालेल्या चळवळीने लोकांच्या सर्वांत जवळचे सरकार दुबळे केले आणि राजधानीतले बळकट केले. या यशाची ही किंमत मला फार मोठी वाटते. भाडी उतरतील ही जार्व्हिसची ग्वाहीही फारशी खरी ठरली नाही. 1979 मध्ये लॉस एंजेलिस आणि सँटा मोनिकात भाडेनियंत्रणाचे नियम आले.

लाट मात्र पसरली. 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्सने घरपट्टीवर अडीच टक्क्यांची मर्यादा घातली. 1992 मध्ये कोलोरॅडोत डग्लस ब्रूसच्या प्रस्तावाने करवाढीसाठी मतदारांची संमती सक्तीची केली. राज्याचा प्राप्तिकर निम्मा करण्याचा जार्व्हिसचा प्रस्ताव 1980 मध्ये पडला. 1986 मध्ये तो वारला.

कॅलिफोर्नियात घराचे मूल्य मालक बदलल्यावरच नव्याने ठरते, त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्याच घरांच्या करात कित्येक पटींची तफावत पडते, म्हणून हा नियम न्यायालयात गेला. 1992 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 8 विरुद्ध 1 मतांनी कायम ठेवला. फ्रीमाँट किंवा सॅन होजेमध्ये अलीकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना ही तफावत दरवर्षी बिलात दिसते. निदान मोठ्या व्यापारी मालमत्तांचे संरक्षण तरी काढावे, असा प्रस्ताव 2020 मध्ये आला होता. सुमारे 52 टक्के मतदारांनी तो नाकारला.