लष्करी पदके व बिल्ले यांचा संग्रह

युद्धात किंवा सैनिकी सेवेत मिळालेली पदके, टोपीवरचे आणि पागोट्यावरचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरे, गणवेशाची बटणे व कापडी निशाण्या जमवणे, त्यांचा काळ ठरवणे आणि त्या ज्याने वापरल्या त्या सैनिकाचा माग काढणे, असा हा छंद आहे. युरोपात या अभ्यासाला फॅलेरिस्टिक्स म्हणतात. रोमन सैनिक छातीवरच्या पट्ट्यांवर धातूच्या ज्या चकत्या मिरवत, त्यांच्यावरून हे नाव आले. ब्रिटनमध्ये १९४२ साली ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी स्थापन झाली आणि हौसेला शिस्त आली. भारतात हा छंद नाणी व टपाल तिकिटांइतका पसरलेला नाही. पण पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुन्या कुलपांच्या नि घड्याळांच्या ढिगात एखादे पदक अजूनही हाती लागू शकते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कंपनी सरकारच्या काळापासूनच्या भारतीय फौजेची पदके व बिल्ले विचारात घेतले आहेत.

कडेवरचे नाव

नवखा माणूस पदकाच्या दर्शनी बाजूवरचा राजा-राणीचा मुखवटा पाहतो. जाणकार आधी पदक आडवे धरून त्याची कड वाचतो. वॉटर्लूच्या लढाईचे पदक ब्रिटनने अधिकाऱ्यांपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना दिले आणि प्रत्येकाचे नाव यंत्राने त्याच्या कडेवर ठसवले. ही प्रथा पुढे भारतीय फौजेतही आली. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढा मजकूर त्या अरुंद कडेवर मावतो. इंग्रज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिल्यामुळे मराठी आडनावांची स्पेलिंगे चमत्कारिक होतात, आणि एकाच माणसाचे नाव दोन पदकांवर दोन तऱ्हेने आढळते. संग्राहकाला याचा त्रास होतो खरा, पण नाव अगदीच नसण्यापेक्षा ते बरे. दुसऱ्या महायुद्धाची स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदके) व इतर पदके ब्रिटनने आपल्या सैनिकांना कोऱ्या कडेने दिली. घरातल्या कागदपत्रांपासून तुटलेले असे पदक कोणाचे, हे सांगायला मग काहीच उरत नाही.

कडेवरच्या या ओळीचे मोल मेसोपोटेमियाच्या उदाहरणावरून कळते. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाने वर सरकली. बगदादच्या अलीकडे तिला माघार घ्यावी लागली, ती कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या. या मोहिमेत मेलेल्या आणि थडगी न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण भारतीय शिपाई व हवालदार यांच्यासाठी पलटणीखाली नुसती संख्या आली. ज्या शिपायाचे नाव सरकारने दगडावर लिहिले नाही, त्याचे नाव त्याच सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर मात्र आहे. या छंदाकडे शोभेच्या वस्तूंचा सोस म्हणून पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

अर्थात पदक सगळे सांगत नाही. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर प्रत्येक मोहिमेची वेगळी पट्टी, म्हणजे मोहिमेचे नाव कोरलेली धातूची आडवी पट्टी, फितीवर लावायची योजना होती. स्थलसेनेच्या बाबतीत ती खर्चापायी बारगळली. त्यामुळे कुतचा वेढा भोगलेला शिपाई आणि युद्धाचे शेवटचे सहा महिने बंदरावर काढलेला शिपाई यांची पदके दिसायला सारखीच. फरक काढायचा तर पलटणीचा क्रमांक धरून जुन्या लष्करी नोंदी चाळाव्या लागतात.

या पदकाची चांदी हीच त्याची वैरीण ठरली. ३६ मिलिमीटर व्यासाचे हे पदक जवळपास एक औंस स्टर्लिंग चांदीचे. खेड्यापाड्यांत अडीनडीला ते सोनाराच्या तराजूत गेले. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदीचा भाव कडाडला, तेव्हा ब्रिटनमध्येही अशी असंख्य पदके वितळली. हेच पदक ब्राँझमध्येही निघाले होते, सुमारे एक लाख दहा हजार. ती मुख्यतः चिनी, माल्टीज व भारतीय मजूर तुकड्यांतील लोकांना मिळाली. त्याआधीच्या सरहद्दीच्या मोहिमांतही लढणाऱ्याला चांदीचे आणि भिश्ती, खेचरवाले, डोलीवाले यांना ब्राँझचे पदक, असा भेद असे. आज गणित उलटले आहे. ब्राँझची पदके कमी असल्याने बाजारात ती चांदीच्या पदकांपेक्षा महाग पडतात.

मराठी मुलुखाची पदके

भारतातील मोहीम-पदकांचा आरंभच मराठ्यांशी झालेल्या युद्धातून झाला, असे म्हणता येते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईच्या इंग्रजांच्या मदतीला बंगालहून फौज आली. त्या आणि दक्षिणेत हैदरअली-टिपूविरुद्ध लढलेल्या बंगाली पलटणींतील देशी शिपायांना व अधिकाऱ्यांना कंपनीने १७८४ नंतर ‘डेक्कन’ पदक दिले. कलकत्त्यात पाडलेल्या या पदकावर एका बाजूला ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) आहे आणि दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. श्रीरंगपट्टणच्या पदकावर (१७९९) ब्रिटिश सिंहाने टिपूच्या वाघाला खाली पाडल्याचे दृश्य आहे. त्यात सेनापतीला सोने आणि शिपायाला कथील अशी उतरंड होती.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे पदक म्हणजे ‘आर्मी ऑफ इंडिया’. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याच्या या चांदीच्या पदकावरच्या पट्ट्या ओळीने वाचत गेले, तर मराठेशाही कशी संपली याची जंत्रीच समोर येते. जालना जिल्ह्यातले असई (२३ सप्टेंबर १८०३), अकोल्याकडचे आडगाव, मेळघाटातला गाविलगड, मग १८१७ सालची खडकी, पुणे, नागपूरची सीताबर्डी, महिदपूर आणि १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव. एकूण एकवीस पट्ट्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मराठ्यांशी झालेल्या लढायांच्या. त्या लढायांत कंपनीच्या बाजूने उभे असलेले मुंबई फौजेचे शिपाईही बरेचसे कोकणातले नि देशावरचे होते. हे पदक संग्रहात ठेवणाऱ्या मराठी माणसाला अभिमान कशाचा वाटावा, हा प्रश्न पडतोच. त्याचे एकच एक उत्तर निघत नाही.

हे पदक मंजूर झाले ते १८५१ साली, आणि तेही फक्त हयात असलेल्यांसाठी. असईच्या रणात विशीत असलेला शिपाई तोवर सत्तरीला टेकलेला. खेड्यात परतलेल्या किती म्हाताऱ्यांपर्यंत ही बातमी पोहोचली असेल, याची कल्पना केलेली बरी. एकंदर सुमारे साडेचार हजार पदकेच वाटली गेली. म्हणून कोरेगाव किंवा सीताबर्डीची पट्टी असलेले अस्सल पदक फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच बनावट पट्ट्या चढवण्याचा मोहही याच पदकाला अधिक.

ग्वाल्हेर स्टारची (१८४३) गोष्ट वेगळीच आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथे एकाच दिवशी इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या तोफखान्याने त्यांना त्या दिवशी चांगलेच भाजून काढले होते. विजेत्यांनी हाती आलेल्या तोफांच्या ब्राँझचे सहा कोनी तारे घडवले, मधोमध चांदीचा छोटा तारा बसवला आणि लढाईचे नाव व तारीख घातली. मराठ्यांच्या तोफांचा धातू अशा रीतीने इंग्रज शिपायांच्या छातीवर गेला. मूळ ताऱ्याला फीत नव्हती, मागे अडकवायचा आकडा (हूक) होता. पुढे अनेकांनी आपापल्या मर्जीने कड्या डकवून घेतल्या, त्यामुळे दोन तारे अगदी एकसारखे क्वचितच सापडतात.

बिल्ले

बिल्ल्यावर नाव नसते. त्याचा काळ चिन्हावरून काढावा लागतो, आणि भारतीय बिल्ल्यांच्या बाबतीत १९२२ आणि १९५० ही दोन वर्षे पाठ असली की निम्मे काम होते. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने क्रमांक गेले; १०३, १०५, ११०, ११६, ११७ वगैरे पलटणी एकत्र येऊन ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. तेव्हा ११० असा आकडा असलेला बिल्ला त्याआधीचा. कुतमध्ये शरण गेलेली ११० वी पुढे पाचव्या मराठाची तिसरी पलटण झाली. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत प्राण देऊन मिळवलेला व्हिक्टोरिया क्रॉस याच पलटणीचा. १९५० ला प्रजासत्ताक आले आणि बिल्ल्याच्या माथ्यावरचा मुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. मराठ्यांच्या बिल्ल्यावरचे रणशिंग मात्र कायम राहिले. लाइट इन्फंट्रीची ती खूण.

महार रेजिमेंटचा बिल्ला याहून बोलका आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे ही रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि स्तंभाशेजारी एकमेकांना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला व त्या जागी कट्यार आली. स्तंभ असलेला बिल्ला थोडीच वर्षे वापरात होता, म्हणून तो दिसला की संग्राहकाचे डोळे चमकतात.

दुसऱ्या महायुद्धातील डिव्हिजनांच्या कापडी निशाण्याही जमवल्या जातात: चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्याचा आगीचा गोळा, सतराव्याचे काळे मांजर. कापड टिकत नाही आणि कसर लागते, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या निशाण्या थोड्या.

खरे-खोटे आणि जतन

नकली पदकापेक्षा ‘दुरुस्त’ पदक अधिक फसवे. मूळ नाव घासून नवे, अधिक विकाऊ नाव घातलेले असते. अशा वेळी कड किंचित पातळ झालेली असते आणि व्यास दशांश मिलिमीटरने भरत नाही, म्हणून गंभीर संग्राहक खिशात व्हर्नियर कॅलिपर बाळगतो. अक्षरांची ढब त्या त्या काळच्या टांकसाळीची आहे की नाही, हेही पाहतात. बिल्ल्यांमध्ये ठशाने पाडलेला माल अस्सल, तर ओतीव नकलेत कडा बोथट आणि पाठीवर बारीक छिद्रे दिसतात. मात्र युद्धकाळात स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले खरे बिल्लेही आहेत, तेव्हा हा नियम डोळे मिटून लावता येत नाही. कालबाह्य पलटणींचे बिल्ले जुन्याच ठशांवरून आजही पाडून विकले जातात. ते ओळखणे सर्वांत अवघड.

घरोघरी पितळ चिंचेने आणि चांदी रांगोळीने घासायची सवय. पदकाला यातले काहीही लावू नये. चढलेला काळसर थर गेला की उठावाचे बारकावे जातात, आणि किंमतही निम्म्याने उतरते ती वेगळीच. स्वस्त पीव्हीसीच्या पिशव्यांतून निघणाऱ्या आम्लाने हिरवा चिकट थर धरतो. आम्लविरहित कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. एका सैनिकाची चार पदके एकत्र मिळाली तर ती वेगळी करून विकू नयेत, हा या छंदातला अलिखित पण कडक नेम. व्यापारी तो नेहमी पाळतातच असे नाही.

स्वातंत्र्यानंतर

परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या या ईव्ह मादे द मारोस विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतात आल्या आणि संस्कृत, पुराणे व कला यांत रमल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या विनंतीवरून त्यांनी ब्राँझच्या साध्या गोल चक्रावर इंद्राची चार वज्रे आणि मधोमध राजमुद्रा योजली. हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू होईल असे जाहीर झाले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा खानोलकरांच्या थोरल्या कन्येचे दीर होते.

शौर्यपदके खासगी संग्रहात असावीत की नाहीत, याविषयी जगात एकमत नाही. अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर विकणे गुन्हा आहे, तर ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस खुल्या लिलावात जातो. आपल्याकडे संग्राहकाने सहसा मोहीम-पदकांवर समाधान मानावे, हेच शहाणपणाचे: १९४७ चे स्वातंत्र्य पदक, १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. ही मोठ्या संख्येने दिली गेली, त्यामुळे ती अजून परवडतात.

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा लागू होतो. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदके आता या वयात आली आहेत.